कोणत्या कट्ट्यावर बसायचं

बुद्धघोष रविवारी सकाळी कळंबहून आला आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाला, "सगळ्यांनी आपापले फोन इथं बाजेवर ठेवा. आज एकदाचं काय ते ठरवून टाकू."

कुणी फोन ठेवला नाही. धाकटा प्रेमानंद टेम्पोचं बॉनेट उघडून उभा होता, तो तसाच उभा राहिला. विठाबाईनं थोरल्या लेकापुढं पाण्याचा तांब्या धरला. त्याची मुलगी श्रावस्ती मोटरसायकलवरून उतरून सरळ गोठ्याकडं, काकूकडं गेली. चैताली शेळ्यांना तुरीचं भुसकट टाकत होती. थोरल्या दिराचा आवाज तिनं ऐकला, पण टोपलं रिकामं झाल्याशिवाय मान वर केली नाही.

गुरुवारपासून घरात कुणी कुणाशी नीट बोललेलं नव्हतं. चैतालीच्या एका व्हिडिओची कुणीतरी मोडतोड केली होती. मूळ व्हिडिओ साधा होता. दारातल्या लिंबाच्या फांदीला टांगलेल्या काट्यावर ती बोकडाचं वजन करून दाखवत होती. बाजारात दलाल नजरेनं अंदाज बांधतो, रुमालाखाली बोटं दाबून सौदा होतो आणि वर्षभर जनावर सांभाळणारी बाई नुसती बघत उभी राहते. त्यापेक्षा घरी वजन करा आणि किलोवर भाव मागा, एवढंच तिचं म्हणणं होतं. मोडतोड करणाऱ्यानं ते म्हणणं कापून टाकलं. बोकड उचलताना ती वाकते तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवला, त्याला एक घाणेरडं गाणं लावलं आणि खाली जातीवरून एक ओळ लिहिली. ही क्लिप 'आपलं गाव, आपला कट्टा' या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आणि तिथून फिरत फिरत कळंबपर्यंत गेली.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत बुद्धघोष शिक्षकांच्या खोलीत शिरला, तेव्हा दोघांनी हातातले फोन पालथे घातले. एकानं तर उठून त्याला आपली खुर्ची दिली. ती खुर्ची त्याला क्लिपपेक्षा जास्त लागली.

आता तो बाजेच्या काठावर बसला आणि म्हणाला, "मला कुणाला दोष द्यायचा नाही. पण आपलं घर एवढ्या वर्षांत कुणाच्या तोंडी नव्हतं. शिकलो, नोकऱ्या केल्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात राहिलो. हे फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्राम आपल्यासाठी नाही. चैतालीनं आजच्या आज सगळं बंद करावं. श्रावस्तीनंही करावं."

"मी काय केलं?" श्रावस्ती गोठ्यातूनच म्हणाली.

"काकूला चॅनल कुणी उघडून दिलं?"

विठाबाई उंबऱ्यावर टेकली. ती हळूच म्हणाली, "थोरला खोटं बोलंना. बंद कर बाई चैताली. काल वाटंनं जाताना पोरं हसली. मला बघून न्हाय, आपल्या दाराला बघून हसली. आपल्याला शेळ्या हायेत, रान हाय. कशाला पायजेत ते लोकांचे डोळे?"

चैतालीनं सासूकडं पाहिलं. आत्या आपल्या बाजूनं राहतील असं तिला वाटलं होतं. जळकोटहून ती या घरात आली, तेव्हा तिनं माहेरच्या दोन उस्मानाबादी शेळ्या बरोबर आणल्या होत्या आणि सगळी वस्ती हसली होती. तेव्हा विठाबाईनंच शेजारणींना सांगितलं होतं, माझी सून सोनं घालून आली न्हाय, सोनं चारत आली. तीच विठाबाई आज डोळे पुसत होती.

चैताली हात धुऊन अंगणात आली. खाली बसली नाही.

"भाऊ, तुमी सगळ्याला एकाच दोरीनं बांधायलात," ती म्हणाली. "म्हणून एकेक सांगते. इन्स्टाग्राम मी उन्हाळ्यातच बंद केलं, कुणी सांगायच्या आधी. तिथं बघणारे लई होते, पण शेळीचं विचारणारं एकही नव्हतं. माझं मलाच कळलं की ही जागा आपल्या कामाची नाही. सोडली."

"मग बाकीचंही सोड."

"बाकीचं का सोडू? फेसबुकवर शेळीपालनवाल्यांचा ग्रुप आहे. बार्शीकडची एक बाई तिथं रडत होती, करडं हगवणीनं चाललीत म्हणून. मी जे करते ते सांगितलं, डॉक्टरला कधी बोलवायचं ते सांगितलं. तिची करडं जगली. आता ती माझ्याकडून बोकड नेते, मधी दलाल नाही. आपल्या दारातला माल आपल्या दारातून जातो तो कशामुळं? यूट्यूबवर मी बोलते तेव्हा मधी कुणी बोलत नाही, माझं म्हणणं पुरं होतं. या घरात माझं म्हणणं पुरं व्हायला कधी कधी आठवडा लागतो."

प्रेमानंदानं बॉनेट खाली टाकलं. आवाज मोठा झाला. तो बायकोकडं न बघता म्हणाला, "आणि माझ्या टेम्पोचं काय? उत्तरेश्वररावांचा माल मीच वाहतो. क्लिप कुणी केली ते गावाला ठाऊक आहे. त्यांच्या पुतण्यानं, कुलदीपनं. तो शेळ्यांची दलाली करतो. तू काट्याचं बोललीस ते त्याला झोंबलं. आता त्यांनी मला भाडं द्यायचं बंद केलं तर?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं कुणी केलं," चैताली म्हणाली. "गुरुवारपासून."

प्रेमानंद हाताला लागलेलं ऑइल फडक्यानं पुसत राहिला. त्याला ठाऊक होतं. गुरुवारी दुपारी तो माजी सरपंच उत्तरेश्वररावांच्याच शेडमध्ये टेम्पो भरत होता, आणि कुलदीपनं त्याच्याकडं बघून फोनमधलं गाणं मोठं केलं होतं. त्यानं ताडपत्रीची दोरी आवळली होती आणि निघून आला होता. ती दोरी त्या दिवसापासून त्याच्याच गळ्याभोवती असल्यासारखी होती. पण हे बायकोला सांगायचं कसं, ते त्याला अजून सुचलं नव्हतं.

इतका वेळ तात्याराव लिंबाखाली खुर्चीत बसून ऐकत होते. एसटीच्या वर्कशॉपात जन्म काढलेला माणूस. बोलण्याआधी ते नट पिळून बघितल्यासारखा एकेक शब्द तपासायचे.

"गावाच्या ग्रुपचं कुणीच बोललं न्हाय," ते म्हणाले.

"तो तर आधी सोडायचा, आजोबा," श्रावस्ती म्हणाली. "तिथंच सगळी घाण झाली."

"त्यो सोडायचा न्हाय."

सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. तात्यारावांनी शर्टाच्या खिशातला फोन काढून मांडीवर ठेवला.

"माझ्या बापाला चावडीच्या ओट्यावर बसू देत नव्हते," ते म्हणाले. "दवंडी द्यायची आमीच, आणि निकाल ऐकायचा उन्हात खाली उभं राहून. म्या नोकरीला लागलो, खाकी घालून गावात आलो, तरीबी वट्यावर जागा सरकून कुणी दिली न्हाय. मग तीन-चार वर्सांखाली ह्यो ग्रुप निघाला. आपल्या वस्तीतलं पहिलं नाव माझं घेतलं. तात्याराव साहेब म्हणून लिहिलं. तुमाला हसू यील, पर म्या त्या दिवशी विठाला म्हणलं, आज वट्यावर बसलो. ती जागा कुणी नासवली म्हणून आपण उठायचं? त्येनी उठावं. गाव आपलंबी हाय."

चैतालीला हसू आलं नाही. सासऱ्यांच्या फोनवर रोज सकाळी 'शुभ प्रभात' जाताना तिनं पाहिलं होतं. म्हाताऱ्या माणसाचा चाळा समजून सोडून दिलं होतं. त्या दोन शब्दांत एवढं बसलेलं असेल, हे तिच्या ध्यानात कधी आलं नव्हतं. तरीही तिनं माघार घेतली नाही.

"मामा, तुमचं खरं आहे," ती सावकाश म्हणाली. "पण मला एक सांगा. तीन-चार वर्षांत तिथं तुमी काही बोललात, त्याला कुणी उत्तर दिलं? नळाचं पाणी आपल्या वस्तीला येत नाही म्हणून मागं टाकलं होतं तुमी. त्याच्याखाली लगेच गुलाबाची फुलं आली. जागा दिली, पण बोलू कुठं दिलं? नुसतं बसायला मिळतंय म्हणून मी त्या ओट्यावर किती दिवस बसू?"

तात्यारावांनी मांडीवरचा फोन हातात घट्ट धरला.

बुद्धघोषला वाटलं, बोलणं आपल्या हातातून निघून चाललंय. तो वर्गात चढवायचा तसा आवाज चढवून म्हणाला, "हक्काची भाषा बोलायला सोपी असते. मीही त्या ग्रुपवर आहे. क्लिप मीही पाहिली. मी काय केलं? दुर्लक्ष केलं. वाद घालून वाढवण्यापेक्षा—"

"पप्पा, तुम्ही दुर्लक्ष नाही केलं," श्रावस्ती म्हणाली.

ती धाराशिवला वसतिगृहात राहून शिकत होती. बापाशी वाद घालायची तिला सवय होती, पण आज तिचा आवाज वेगळा होता. तो पडलेला होता.

"गुरुवारी उत्तरेश्वर काकांचा वाढदिवस होता. क्लिप दुपारी आली. त्याच क्लिपच्या खाली संध्याकाळी तुमचा मेसेज आहे. 'आदरणीय मार्गदर्शकांना उदंड आयुष्य लाभो.' पुढं हात जोडलेले. मी आजोबांच्या फोनवर वाचलं. वरती काकू, आणि खाली तुम्ही."

बुद्धघोषनं चष्मा काढला. तो काय सांगणार होता? की सगळ्यांनी शुभेच्छा दिल्या होत्या, त्यात आपलं नाव नसतं तर ते डोळ्यांत आलं असतं? की आपण नोकरीला लागल्यापासून असंच जगलो, गर्दीत नाव असावं आणि ते कुणाला वेगळं दिसू नये? तो मेसेज पाठवताना वरची क्लिप अंगठ्यानं वर सरकवावी लागली होती. ते त्याला आठवत होतं. अंगठा थांबला नव्हता, हेही आठवत होतं.

"व्हय का रं?" विठाबाईनं विचारलं.

"होय माय," तो म्हणाला.

विठाबाईनं त्याच्यापुढचा तांब्या उचलला आणि आत गेली. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

*

उत्तरेश्वरराव आले तेव्हा चहा चुलीवर होता. गाडी रस्त्यावर ठेवून ते एकटेच चालत आत आले. एके काळी गावचे सरपंच होते. आता पद नव्हतं, पण ग्रुप त्यांचाच होता. कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं, ते त्यांच्या फोनवरून ठरायचं.

"काय तात्या, बैठक भरवली का काय?" ते म्हणाले. ग्रुपवर लिहिताना ते 'तात्याराव साहेब' लिहायचे. तोंडानं मात्र अजून जुनंच चालत होतं, आपल्यापेक्षा वयानं मोठ्या माणसाशीही.

प्रेमानंदानं खुर्ची पुसून दिली. बुद्धघोष उठून उभा राहिला. विठाबाईनं चहा आणला, आणि उत्तरेश्वररावांनी तो घेतला.

"हे बघा," ते म्हणाले, "पोरानं गंमत केली, जरा जास्त झाली. कुलदीपला म्या झापलंय. क्लिप आजच ग्रुपवरून काढतो. तुमीबी तेवढा काट्याचा व्हिडिओ काढून टाका. तुमचं राहील, आमचं राहील. गावात राहायचं म्हणल्यावर एकमेकाला धरून राहावं लागतं. सर, तुमी शिकलेले हाव, तुमाला काय सांगायचं?"

प्रेमानंदाचा जीव भांड्यात पडला. तो चटकन म्हणाला, "हां, असं केलं तर मिटतंय सगळं."

उत्तरेश्वररावांनी 'सर' म्हटल्यावर बुद्धघोष नेहमी किंचित मान झुकवायचा. आज मान झुकली नाही. त्याचं त्यालाच ते जाणवलं.

"मला एक विचारायचंय," चैताली म्हणाली.

उत्तरेश्वररावांनी तिच्याकडं न बघता तात्यारावांकडं पाहिलं. तात्याराव म्हणाले, "ती बोलायलीय. तिच्याकडं बघा."

"क्लिप गुरुवारी आली," चैताली म्हणाली. "ग्रुप तुमचा आहे. त्याच दिवशी काढता आली असती. तुमी आज का आलात?"

"वेळ मिळाला न्हाय. वाढदिवसाची गडबड हुती."

"तसं नाही. कालच्या बाजारात बायकांनी काटा मागितला म्हणून आलात. महेश्वरीताईनं आपला बोकड वजन केल्याशिवाय देणार नाही म्हटलं, आणि कुलदीपला तो सोडून द्यावा लागला. मला तिचा फोन आला होता. क्लिपनं काम झालं नाही म्हणून आता समजूत घालायला आलात."

उत्तरेश्वररावांनी कप खाली ठेवला. "तात्या, सून आवर. जड जाईल."

"सून आवरायला आणली न्हाय म्या," तात्याराव म्हणाले. "नांदायला आणली. ती नांदायलीय."

"ग्रुप म्हणजे गाव हाय, हे ध्यानात ठेव. नियम पाळायचे तर राहा, न्हायतर..."

"त्याचं मी सांगते," चैताली म्हणाली. तिनं पदराला हात पुसून फोन घेतला. "काट्याचा व्हिडिओ मी काढणार नाही. क्लिपची तक्रार पोलीस ठाण्यात देणार आहे, ज्यानं केली त्याच्या नावानं. आणि तुमच्या ग्रुपवर मला राहायचं नाही. कुणी काढलं म्हणून नाही, तिथं बसण्यासारखं काही नाही म्हणून." बोलता बोलता तिचा अंगठा हलला, आणि ती ग्रुपमधून बाहेर पडली. बस, एवढंच. तिचा चेहरा लाल झाला होता.

उत्तरेश्वरराव हसले. "बघ तात्या. लेकरं अशी तावात येतात. तू तरी शहाणा माणूस हायेस."

तात्यारावांच्या मनात त्या क्षणी काय आलं, ते पुढं त्यांनी कुणाला नीट सांगितलं नाही. एवढंच म्हणायचे, की 'शहाणा' हा शब्द त्यांनी बापाच्या बाबतीतही ऐकला होता, त्याच ओट्यावरून, त्याच आवाजात. त्यांनी नातीला हाक मारली.

"श्रावस्ती, हे बोलून पाठवायचं कुठं दाबायचं असतं?"

"आजोबा, ग्रुपवर?"

"ग्रुपवरच."

श्रावस्तीनं जागा दाखवली. तात्यारावांनी फोन तोंडापाशी धरला आणि समोर बसलेल्या माणसाकडं बघत बोलले.

"जय भीम. म्या तात्याराव बोलतोय. गुरुवारी ह्या ग्रुपवर माझ्या सुनेची क्लिप टाकली. खाली आमची जात लिहिली. जात आमाला ठाऊक हाय, आनि तुमालाबी ठाऊक हाय. लिहायची गरज नव्हती. पर ती काय म्हणत हुती ते कुणी ऐकू दिलं न्हाय, म्हणून म्या सांगतो. ती म्हणती, जनावर इकायचं तर काट्यावर इका. आमच्या दारात काटा हाय. ज्याला वजन करायचं त्यानं यावं, कुन्याबी आळीचं असू द्या. गावाचं दार आमाला उघडायला लई वर्सं लागली. आमी आमचं दार तसं ठेवणार न्हाय. एवढंच बोलायचं हुतं."

त्यांनी अंगठा उचलला. क्षणभरानं उत्तरेश्वररावांच्या खिशात फोन वाजला.

त्यांनी तो काढला, लांब धरून पाहिला, आणि त्यांच्या कपाळावरची शीर फुगली. बोट दोन-तीनदा पडद्यावर फिरलं. मग ते उठले.

"काढलं तुला," ते म्हणाले.

"माझं बोलणं जाऊन झालं का आधी?" तात्यारावांनी नातीला विचारलं.

"झालं, आजोबा. लोक ऐकायलेत."

उत्तरेश्वरराव दारापर्यंत गेले. तिथं त्यांना प्रेमानंद आडवा आला. म्हणजे तो मुद्दाम आला नाही, टेम्पोपाशीच उभा होता. पण बाजूला सरकला नाही.

"उद्याच्या भाड्याला येऊ नगस," उत्तरेश्वरराव त्याला म्हणाले.

"येणार नव्हतोच," प्रेमानंद म्हणाला. हे त्यानं त्या क्षणीच ठरवलं होतं, हे त्याच्या आवाजावरून चैतालीला कळलं. तो पुढं म्हणाला, "कुलदीपला सांगा, गुरुवारी शेडमध्ये त्यानं ते गाणं माझ्या तोंडावर लावलं, तेही तक्रारीत जाईल. मी साक्षीदार आहे."

चैतालीनं नवऱ्याकडं पाहिलं. हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. आता विचारायची वेळ नव्हती. ती नंतर विचारणार होती, आणि सोडणार नव्हती.

*

गाडी गेल्यावर कुणीच आनंद केला नाही. तात्याराव फोन हातात घेऊन बसून राहिले. ग्रुपचं नाव अजून दिसत होतं, खाली लिहायची जागा मात्र गेली होती. त्यांनी तिथं बोट टेकवून पाहिलं. विठाबाई त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"लई वाईट वाटतंय का वो?" तिनं विचारलं.

"वाटतंय की," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पर उठवलं न्हाय मला त्येनं. बोलून झाल्यावर काढलं. ह्यात फरक हाय."

बुद्धघोष कोपऱ्यात उभा राहून फोनवर काहीतरी लिहीत होता. खोडत होता, पुन्हा लिहीत होता. शेवटी त्यानं ते मुलीपुढं धरलं. श्रावस्तीनं वाचलं. त्यानं गावाच्या ग्रुपवर लिहून पाठवलं होतं: 'क्लिपमधली महिला माझी भावजय आहे. ज्यांना काढलं ते माझे वडील आहेत. गुरुवारी या क्लिपच्या खाली मी शुभेच्छा दिल्या, त्या मी परत घेतो.' खाली पूर्ण नाव, शाळेतलं पद, फोन नंबर.

"शुभेच्छा परत घेता येतात का, पप्पा?"

"माहीत नाही. मी घेतल्या." तो थोडं थांबून चैतालीकडं वळला. "मी बंद कर म्हणालो. ते मी माझ्या भीतीनं म्हणालो, तुझ्या अब्रूसाठी नाही. चॅनल चालू ठेव. आणि ठाण्यात मी येतो तुझ्याबरोबर. अर्ज मी लिहितो, तो तरी मला नीट लिहिता येतो."

"मी आत्ता गेले तर शेळ्यांचं पाणी राहील," चैताली म्हणाली. मग तिला वाटलं, हे तुटक झालं. "तुमी आणि श्रावस्ती पुढं होऊन अर्ज तयार करा, भाऊ. क्लिप तिच्याकडं आहे. सही करायला मी मागून यांच्या टेम्पोत येते."

बाप आणि लेक येरमाळ्याच्या ठाण्याच्या रस्त्याला लागले. मोटरसायकलवर दोघं बोलत होती की नाही, ते लांबून कळत नव्हतं. पण श्रावस्तीचा हात बापाच्या खांद्यावर होता.

दुपार कलायच्या आत शांतलिंग आला. वेशीपलीकडचा शेतकरी, फारसा कुणात न मिसळणारा. या वस्तीत त्याचं येणं-जाणं नव्हतं. त्यानं दोरीनं एक काळा बोकड ओढत आणला होता. बोकड दारातच अडून बसला, आणि शांतलिंगही अडल्यासारखा उभा राहिला.

"काटा मोकळा हाय का?" त्यानं विचारलं.

"हाय की," तात्याराव खुर्चीतून उठत म्हणाले. "या. बसा."

"म्या ऐकलं तुमचं. लेकानं मोठ्यानं लावलं हुतं घरात." शांतलिंगनं बोकडाच्या पाठीवरून हात फिरवला. "कुलदीप ह्येला दोनदा बघून गेलाय. मला अंदाज काढता येत न्हाय. त्येला येतो."

प्रेमानंदानं बोकडाच्या पोटाखालून पट्टा घातला. चैतालीनं काट्याची कडी तपासली. मग ती थांबली. "दादा, एक विचारू? मी याचा व्हिडिओ केला तर चालेल का? तुमचं तोंड दाखवणार नाही, नुसता बोकड दाखवते."

शांतलिंगनं विचार केला.

"ग्रुपवरून तुम्हालाही काढतील," प्रेमानंद म्हणाला. "सांगून ठेवतो."

"काढू दे. सकाळी उठून फुलंच तर बघायची असतात." त्यानं टोपी नीट केली. "तोंड दाखव. नावबी सांग. पुरं सांग."

चैतालीनं फोन काढला, आणि मग तिच्या ध्यानात आलं, की श्रावस्ती इथं नाही. एवढा बोकड वर उचलायचा तर तिला आणि प्रेमानंदाला दोघांनाही लागावं लागणार होतं. तिनं इकडंतिकडं पाहिलं. फोन कुठं टेकवावा असं काही दिसेना.

विठाबाई उंबऱ्यावरून उठली. सकाळी रडून तिचे डोळे अजून सुजलेले होते. तिनं पदर खोचला, सुनेच्या हातातून फोन घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला.

"कुठं दाबायचं?"

"त्या लाल ठिपक्यावर, आत्या."

"दाबला," विठाबाई म्हणाली. "बोल आता."